काळी चारला हंबरणारी गिटार

"पट्टी काळी चार." म्हणजे गायिकेचा 'सा' पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर. तिचा एवढाच निरोप आला की मी कपाटावरच्या जाड्या गिटारकडे एकदा बघते, तिला मनातल्या मनात सॉरी म्हणते आणि दाराआडची बारकी उचलते. गेली आठ-नऊ वर्षं हेच चाललंय. जाडी माझी लाडकी आहे. कार्यक्रमाला मात्र बारकी येते.

वीसेक वर्षं मी भावगीतांच्या कार्यक्रमांत गिटार वाजवतेय. दिवसा ऑफिस, शनिवार-रविवार दादर, पार्ले, ठाणे, बोरिवली, जिथे बोलावणं येईल तिथे. शिवाय महिन्यातून दोनदा गुरुवारी रात्री अंधेरीतल्या एका पबमध्ये जुनी हिंदी गाणी, तिथे इलेक्ट्रिक. या दोन जगांत साडी आणि जीन्स एवढाच फरक आहे असं मला सुरुवातीला वाटायचं. साडीचाही गिटारशी संबंध असतो हे नंतर कळलं, त्यावर येतेच.

पहिली गिटार १९९५ सालची, गिवसन. कोलकात्याची. धोबीतलावला बाबांबरोबर गेले होते. आधी फुर्टाडोजमध्ये शिरलो. १८६५ पासूनचं दुकान, काचेआड टांगलेल्या परदेशी गिटारींच्या किमती वाचून बाबांनी चष्मा काढून पुसला आणि परत वाचल्या. मग जवळच कयानीत बसून आम्ही चहा-ब्रून मस्का खाल्ला आणि शेवटी दुसरीकडून ही गिवसन घेतली. तिच्या तारा फ्रेटबोर्डपासून, म्हणजे जिथे बोटांनी तारा दाबायच्या त्या पट्टीपासून, इतक्या उंच होत्या की मधून पेन्सिल गेली असती. माहीमला माझे सर होते, गोव्याचे, संध्याकाळी बाल्कनीत शिकवायचे. त्यांनी ती हातात घेतली, एक कॉर्ड धरला, बोटं झटकली आणि म्हणाले, "बेबी, हिच्यावर तुझा एफ कॉर्ड वाजला ना, मग तू कुठे पण वाजवशील." सहा महिने लागले. वाजला.

जाडी आली पहिल्या मोठ्या बोनसमधून. ड्रेडनॉट आकाराची, वरची फळी सलग स्प्रूस लाकडाची, प्लायवूड नाही. ड्रेडनॉट हे नाव मुळात ब्रिटिशांच्या १९०६ च्या युद्धनौकेचं. दहा वर्षांनी मार्टिन कंपनीने या मोठ्या पोटाच्या गिटारला ते दिलं. आमच्या मुलुंडच्या दोन खोल्यांत ती खरंच बंदराला लागलेल्या बोटीसारखी दिसायची. पण आवाज! खालची तार नुसती छेडली तरी स्वयंपाकघरातल्या मांडणीवरचं ताट किणकिणायचं. सासूबाई कुकरची शिट्टी झाली की गॅस बारीक करून बाहेर यायच्या आणि सोफ्याच्या कडेला टेकायच्या. बोलायच्या काही नाहीत. त्या पंधरा मिनिटांत बटाटे गाळ व्हायचे.

हिला घेऊन मी दादरला पहिल्या मोठ्या कार्यक्रमाला गेले. थिएटर भरलेलं, पुढच्या रांगेत वयस्कर मंडळी, शालीसकट. गायिकेने डोळे मिटले, तानपुऱ्याचं मशीन सुरू झालं, मी कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून सूर चढवणारा चिमटा, पहिल्या फ्रेटवर लावून जी कॉर्डच्या आकारात हात ठेवला आणि पहिलाच कॉर्ड सोडला. आवाज थांबेचना. आधी गुंजारव वाटला, छान वाटला, मग तो फुगत गेला आणि दोन सेकंदांत थिएटरभर म्हैस हंबरावी तसा "भ्वाँऽऽ" घुमला. मी पंजाने तारा दाबल्या. तरी थांबेना, कारण हंबरत होतं ते गिटारचं पोट. साउंडवाल्याने माझा आवाज बंद केला तेव्हा कुठे शांतता झाली. निवेदकाने वेळ मारून नेली, "श्रावण आहे, मेघगर्जना झाली," वगैरे. लोक हसले. मी उरलेला पूर्वार्ध गिटार मांडीवर धरून वाजवल्यासारखं करत काढला.

तेव्हा मला वाटलं, साउंड वाईट. दुसऱ्या कार्यक्रमाला दुसरा साउंड, तेच. तिसऱ्यांदा मात्र एक गोष्ट लक्षात आली. पुरुष गायक काळी एकला गात होता तेव्हा गिटार बऱ्यापैकी वागली. बाईंनी काळी चार धरली की हंबरडा.

उत्तर घरी सापडलं. कोणीतरी सांगितलं होतं की गिटारच्या भोकाशी तोंड नेऊन खालच्या आवाजात "आ" लावायचा आणि सूर हळूहळू वर न्यायचा. एका ठरावीक सुरावर पोट आपणहून थरथरतं. माझा आवाज तेवढा खाली जात नाही. मग नवऱ्याला बसवलं. रविवारी सकाळी बनियनवर गिटारच्या भोकात तोंड घालून "आऽऽ" करणारा माणूस दारातून दूधवाल्याने बघितला, असो. पण सापडलं. एका जागी मला पाठीमागच्या फळीवर ठेवलेल्या तळहाताला झिणझिण्या आल्या. ट्यूनरवर बघितलं: जी शार्प, थोडा खालीच. म्हणजे काळी चार.

हे नुसतं माझ्या गिटारचं दुर्दैव नाही. या आकाराच्या गिटारींच्या पोटातली हवा साधारण शंभर हर्ट्झच्या आसपास घुमते, थोडं इकडे, थोडं तिकडे. आणि खर्जातली काळी चार येते १०४ हर्ट्झला. गंमत बघा, कॅपो लावून जीचा आकार धरला की जाड्या तारेवर वाजतो तोच सूर. तानपुरा त्यातच. तबल्याचा सूरही त्यातच. हे सगळं माझ्या पायाशी ठेवलेल्या मॉनिटरमधून, म्हणजे आम्हाला ऐकू यावं म्हणून लावलेल्या स्पीकरमधून, थेट गिटारच्या पोटावर येऊन आदळतं, पोट थरथरतं, ते थरथरणं पुलाखालचा (तारा टेकतात त्या पट्टीखालचा) आवाज टिपणारा पिकअप उचलतो, परत मॉनिटरमध्ये पाठवतो. चक्र सुरू. मैफलीतला सगळ्यात पवित्र सूर, 'सा', तोच नेमका बाधायचा.

उपाय केले. भोकात रबराचं झाकण बसवलं, फरक पडला. गिटारमधल्या प्रीअँपवरचं, आवाजाची लाट उलटी करणारं फेजचं बटण दाबून बघितलं, कधी चालायचं, कधी नाही. मॉनिटर खाली करायला सांगितला, तर मला माझंच काही ऐकू येईना. समजूतदार साउंडवाला असला तर तो तेवढाच सूर मिक्सरच्या टेबलावरून कापून द्यायचा. पण सगळेच समजूतदार नसतात, आणि मुंबईत साउंड चेकसाठी मिळणारी वेळ म्हणजे आधीच्या नाटकाचा सेट उतरून होईपर्यंतची दहा मिनिटं.

मग बारकी घेतली. यामाहाची एपीएक्स. ही मालिका १९८७ पासून आहे, मुळात स्टेजसाठीच काढलेली. पोट जेमतेम आठ-नऊ सेंटीमीटर खोल, भोक लंबगोल, वरची फळीसुद्धा प्लायवूडची. घरी वाजवली की बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यावर तारा ताणल्यासारखी वाटते. सासूबाई पहिल्या दिवशी बाहेर आल्या, ऐकलं, "ही नवी का?" म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या दिवशी बटाटे व्यवस्थित शिजले.

पण स्टेजवर हीच गिटार शहाणी ठरते, आणि हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आपल्या कार्यक्रमांत खालचा सगळा आवाज डग्ग्याचा असतो आणि उरलेला कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताचा. मधली जागा पेटीने आणि गळ्याने व्यापलेली. गिटारला शिल्लक राहते ती वरची छोटीशी पट्टी, तारांचा छनकार, बोटांनी वाजवलेले चार सुटे सूर. तिथे भारदस्त खर्ज घेऊन जाणं म्हणजे आठच्या कर्जत लोकलमध्ये ट्रंक घेऊन चढण्यासारखं आहे. ट्रंक उत्तम असेल हो, पण ठेवणार कुठे? माझ्या बारकीला खर्जच नाही. त्यामुळे तिचं कोणाशी भांडण होत नाही, आणि दहाव्या रांगेत ती जाडीपेक्षा जास्त स्पष्ट ऐकू येते. मी मुद्दाम मैत्रिणीला दहाव्या रांगेत बसवून हे विचारलंय.

आता साडी. आयोजकांना गिटार वाजवणारी बाई काठापदरात हवी असते. त्यांचं काही चूक नाही, स्टेजवर शोभतं. पण जाडी गिटार छातीशी धरली की खांद्यावरची पदराची पिन तिच्या पाठीला घासते. जाडीच्या पाठीवर तसे तीन ओरखडे आहेत, प्रत्येकाचा कार्यक्रम मला आठवतो. बारकी अंगाला चपटी बसते. पट्टा पदराच्या खालून घ्यायचा, वरून घेतला तर मध्यंतरात गिटार काढताना पदरही येतो. आणि बांगड्या! उजव्या हातातली एक जरी काचेची बांगडी गिटारच्या फळीवर टेकली तर पिकअप तो टकटकाट इमानेइतबारे सगळ्या थिएटरला ऐकवतो. एकदा संपूर्ण गाणंभर कोणीतरी टाळ वाजवतंय असं तबलेवाल्या काकांना वाटत होतं. तेव्हापासून उजवा हात मोकळा, सगळ्या बांगड्या डाव्या हातात. साड्यांवर बारकाईने नजर ठेवणाऱ्या एक-दोन काकूंनी याबद्दल विचारलंही आहे.

सूर लावण्याबद्दल एक सांगते, कारण नवीन मुलं इथेच फसतात. ट्यूनर ४४० हर्ट्झ या नेहमीच्या ठरलेल्या मापावर ठेवून गिटार अगदी अचूक लावतात आणि पहिल्या आलापाला तोंड वाकडं करून बसतात. पेटी ४४० ला असेलच असं नाही. आमच्या पेटीवाल्या काकांची पेटी जुनी आहे, ती ४४३ च्या आसपास बोलते. मी पहिल्यांदा त्यांना तसं सांगितलं तर म्हणाले, "आमच्या पेटीने तुझ्या मशीनला विचारून सूर लावले नव्हते, बाळा." बरोबरच आहे. पेटीच्या आतल्या सुरांच्या पट्ट्या काय आता स्टेजवर खरवडत बसणार? म्हणून आधी काकांकडून काळी चार वाजवून घ्यायची, ट्यूनरचा आकडा तिच्यावर आणायचा, मग कॅपो लावायचा आणि कॅपो लावल्यावरच तारा लावायच्या. कॅपोने तारा थोड्या चढतात. जाडीवर जास्त चढायच्या, बारकीवर कमी, कारण बारकीच्या तारा फ्रेटच्या अगदी जवळ आहेत.

बॅटरीचा किस्सा थोडक्यात: मंगळवारी घरी सराव केला, केबल तशीच लावलेली ठेवली, शनिवारी उत्तरार्धात गिटार आधी खरखरली, मग गेली. अशा गिटारींमध्ये केबल खोचली की प्रीअँप चालू होतो, बटण वेगळं नसतं. आता पर्समध्ये लिपस्टिक नसली तरी बॅटरी असते.

इलेक्ट्रिकची गोष्ट वेगळी. तिथे मी आधी ऐटीत चुकले. स्ट्रॅटोकास्टर हवी होती, जुनी घेतली, रंग आकाशी. लिओ फेंडरने १९५४ मध्ये आणलेली ही गिटार, आणि तो स्वतः गिटार वाजवायचा नाही हे मला आजही खरं वाटत नाही, कारण अंगाला इतकी बेतून बसणारी गिटार न वाजवणाऱ्याला कशी सुचली? कडा उतरवलेल्या, मागून पोटाला जागा दिलेली. आवाज काचेसारखा. पण तिच्या तिन्ही पिकअपमध्ये तारेचं एकेकच वेटोळं असतं, आणि ते वेटोळं आसपासची सगळी वीज गोळा करतं. पबमध्ये माझ्या मागेच एलईडीची भिंत, डोक्यावर डिमरचे दिवे. गाणं थांबलं की "घुंऽऽ". आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. हा सूर कुठला, म्हणून बघितलं तर धड पांढरी पाच नाही, धड काळी चार नाही, दोघींच्या मधे कुठेतरी. गुणगुणायचं तर निदान सुरात तरी!

यावर तोड १९५५ मध्येच निघाली होती. गिब्सन या गिटार कंपनीतल्या सेथ लव्हरने दोन वेटोळी शेजारी ठेवली, दोघांचे चुंबक उलटे, दोघांची जोडणी उलटी. तारेचा आवाज दोन्हींत मिळून वाढतो, बाहेरून आलेली घुंघुं एकमेकीला खाऊन टाकते. इंग्रजीत 'हम' म्हणजे ही घुंघुं, म्हणून नाव हंबकर. मित्राची गिब्सनची लेस पॉल गिटार मी महिनाभर वाजवून बघितली, तिच्यात हे असतात. शांत, भरदार, जाडसर आवाज. पण वजन चार किलोंच्या वर. तीन तास गळ्यात घातली की दुसऱ्या दिवशी ऑफिसात फाइल काढायला हात वर जात नाही. शिवाय तिचं डोकं मागे झुकलेलं असतं आणि लाकूड नेमकं मानेशी बारीक. पडली की तिथेच मोडते. लेडीज डब्यात संध्याकाळी रॅकवर गिटार ठेवायची आणि खाली बायका भाजी निवडत बसलेल्या, अशा वेळी दुसऱ्याची लेस पॉल डोक्यावर असणं म्हणजे प्रवासभर जीव टांगणीला. (रॅकवरची पिशवी बघून "यात सतार आहे का गं?" हा प्रश्न ठरलेला. एकदा एकीने "बाळ तर नाही ना?" असंही विचारलं.)

शेवटी जी घेतली ती मधली. यामाहाची पॅसिफिका ११२. पुढे स्ट्रॅटसारखे दोन एकेरी पिकअप, पुलाजवळ एक हंबकर, आणि टोनचं बटण ओढलं की हंबकरचं एक वेटोळं बंद होऊन तोही एकेरी होतो. गाणं चालू असताना काचेचा आवाज, गाणं थांबलं की बटण हंबकरवर, शांतता. पबमधल्या मुलांना ही "स्टुडंट गिटार" वाटते, वाटू दे. मान स्क्रूने बसवलेली, पडली तरी लगेच मोडणार नाही, मोडलीच तर बदलता येईल. आणि माझा खांदा शाबूत आहे.

इलेक्ट्रिक एकदाच भावगीतांच्या कार्यक्रमाला नेली होती, गणपतीत, एका सोसायटीच्या मांडवात. कोरसला मला गायचंही होतं. गिटार गळ्यात, हात तारांवर, मी माइकपाशी तोंड नेलं आणि ओठावर मधमाशी चावावी तसा झटका. मागे सरकले, परत पुढे गेले, परत झटका, या वेळी ठिणगी दिसली. निळी. मांडवातला इलेक्ट्रिशियन पोरगेलासा होता, पण हुशार. त्याने माझ्याकडे नुसतं बघितलं, खिशातला टेस्टर काढला, मला गिटार खाली ठेवायला लावली आणि तारेला टेकवला. टेस्टर लागला. गिटारच्या तारेला. "ताई, हात लावू नका," म्हणून तो अँपच्या, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या पेटाऱ्याच्या, मागे गेला आणि तीन पिनचा प्लग घेऊन आला. अर्थिंगची जाड पिन कोणीतरी काढूनच टाकली होती, दोन पिनांच्या सॉकेटमध्ये बसावा म्हणून. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा आतून अँपच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. माइकची जाळी मिक्सरच्या टेबलाच्या अर्थिंगला. एकाला अर्थिंग नसली की मधली वायर म्हणजे आपण. त्या दिवशी ओठ सुजला आणि आरती मी न गाता नुसती ऐकली.

तेव्हापासून टेस्टर माझ्या गिटारच्या पिशवीत असतो, तारा छेडायच्या प्लेक्ट्रमच्या डबीशेजारी. आधी तारेला, मग माइकच्या जाळीला. माइकवर स्पंजही लावते. साउंडवाले हसतात. एक जण म्हणाला, "मॅडम, तुम्ही वायरमन की गिटारिस्ट?" मुंबईत दोन्ही असावं लागतं, असं त्याला म्हटलं नाही, चहा पीत राहिले.

येत्या शनिवारी पार्ल्याला दीनानाथ नाट्यगृहात कार्यक्रम आहे. गाण्यांची यादी आली: बाईंच्या आठ गाण्यांपैकी पाच काळी चार, दोन काळी पाच, आणि एका गाण्यापुढे प्रश्नचिन्ह. मघाशी फोन केला तर बाईंचा घसा बसलाय. म्हणाल्या, "ते शेवटचं पांढरी चारला घेऊ या का गं? जमेल तुला?" पांढरी चार म्हणजे एफ. माहीमच्या बाल्कनीत सहा महिने न वाजलेला.

बाहेर पाऊस आहे. जाडीला या दिवसांत दमटपणाने पोट फुगतं, तारा वर येतात, म्हणून गिटारच्या केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवली होती. आज काढली. खालचा एफ धरून सोडला तर ८७ हर्ट्झचा सूर भिंतीभर पसरला, हंबरली नाही. पांढरी चार तिला चालते. एका गाण्यापुरती तिला नेऊ का, असा विचार करतेय. दोन गिटारी, एक छत्री, पाच चाळीसची लोकल. आत कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्यात आणि सासूबाई सोफ्याच्या कडेला येऊन टेकल्यात.